सूक्ष्मगुरुत्व की सूक्ष्म गुरुत्वाकर्षण?

प्रश्न असा आहे : ब्लू ओरिजिन या अमेरिकी अवकाश कंपनीच्या २०२२च्या फसलेल्या उड्डाणाविषयी लिहिताना ‘सूक्ष्म गुरुत्वाकर्षण प्रयोग नेणारे यान कोसळले’ हे वाक्य चालेल का?

चालणार नाही, आणि चूक एकच नाही.

गुरुत्वाकर्षण म्हणजे पृथ्वीची ओढ. ती १०० किलोमीटर उंचीवरही जमिनीवरच्या ओढीच्या ९७ टक्के असते, ४०० किलोमीटरवर सुमारे ८९ टक्के. म्हणजे ओढ सूक्ष्म झालेली नसते. ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ तर त्याहून चूक. नाहीसे होते ते वजन, कारण यान आणि आतली वस्तू एकाच त्वरणाने पडत असतात आणि वस्तूला खालून आधार देणारे काही उरत नाही. आता ‘गुरु’ म्हणजे जड (वृत्तांतल्या लघु-गुरूतला ‘गुरु’ तोच), म्हणून गुरुत्व म्हणजे जडपणा. ‘सूक्ष्मगुरुत्व’ (इंग्रजीत ‘मायक्रोग्रॅव्हिटी’) म्हणजे अगदी नाममात्र उरलेला जडपणा. ‘आकर्षण’ जोडले की अर्थ बिघडतो. शब्द जोडून लिहावा, नाहीतर ‘सूक्ष्म’ हे ‘प्रयोगां’चे विशेषण वाटते. ‘वजनरहित अवस्था’ही बोलण्यात ठीक, पण थोडे त्वरण उरतेच, ते जमिनीवरच्या गुरुत्वीय त्वरणाच्या हजारांशाच्या घरात असले तरी रूढीने ‘मायक्रो’च (शब्दशः दशलक्षांश) म्हणतात.

अशा आधाराविना पडण्याला ‘मुक्तपतन’ म्हणतात, तो शब्दही जरा फसवा आहे. ठरल्या वेळी इंजिन बंद होताच, यान अजून वर जात असतानाच, ते सुरू होते. ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्ड या यानाच्या यशस्वी उड्डाणात अशी जेमतेम तीन मिनिटे मिळतात.

१२ सप्टेंबर २०२२ला ती मिळालीच नाहीत. टेक्सासहून उडाल्यावर साधारण एका मिनिटाने, म्हणजे इंजिन चालू असतानाच, प्रमाणाबाहेर तापलेले नोझल (इंजिनातला तप्त झोत बाहेर सोडणारे तोंड) निकामी झाले. संकटात सुटकेसाठी बसवलेल्या सुटका-मोटरने कॅप्सूलला, म्हणजे प्रयोग असलेल्या वरच्या कुपीला, जोराने दूर ढकलले. आतल्या ३६ प्रयोगपेट्यांना वजनमुक्तीऐवजी उलट कित्येक पट वजन सोसावे लागले. कोसळला तो बूस्टर, म्हणजे इंजिन असलेला खालचा भाग. कॅप्सूल पॅराशूटने उतरली, त्यामुळे ‘यान कोसळले’ हेही अर्धेच खरे.

वाक्य असे करावे : ‘सूक्ष्मगुरुत्वातील प्रयोग नेणारे उड्डाण फसले, बूस्टर कोसळला, प्रयोग सुखरूप उतरले.’