प्रकल्पाच्या अहवालातून गाळलेलं पान

"मॅडम, मार्क आहेत, सर्टिफिकेटं आहेत, तरी मुलाखतीत मला नाहीच म्हणतात. मी कामाचीच नाही का?"

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं हे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, मग सुरुवात करायची कुठून, असा तो पेच असतो. या मुलीच्या डोळ्यांत मात्र प्रश्नापेक्षा शरम जास्त होती. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, पहिल्या श्रेणीतली. चार मुलाखती झाल्या होत्या, आणि गाडी चारही वेळा तिथेच अडली होती. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

पहिल्या भेटीत तिने एक जाड फाइल माझ्यापुढे ठेवली. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत अकरा प्रमाणपत्रं, बहुतेक ऑनलाइन कोर्सची. नकार आला की ती नवा कोर्स लावायची. वडिलांचाही फोन येऊन गेला होता, "अजून एखादा चांगला कोर्स सुचवा, फी भरायला तयार आहे." त्यांची काळजी खरी होती. पण बारावं प्रमाणपत्र तिला तारणार नव्हतं. पूर्वी मीही मुलांना कोर्सची यादी काढून द्यायचे. मुलं समाधानाने जायची आणि चार महिन्यांनी आणखी खचून परत यायची. तेव्हापासून मी यादी देणं सोडलं.

मी म्हटलं, "मुलाखतीत 'तुमच्याबद्दल सांगा' म्हणाले की काय सांगतेस?" तिने नाव, कॉलेज, टक्के, छंद एका दमात म्हणून दाखवलं. शेवटी, "मी मेहनती आहे आणि टीममध्ये काम करू शकते." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण तिच्या वर्गातल्या कुणालाही ते जसंच्या तसं म्हणता आलं असतं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "गेल्या वर्षभरात तुझ्या हातून काय बिघडलं, आणि ते तू कसं निस्तरलंस?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काहीच नाही. प्रोजेक्ट छान झाला. रिपोर्टला पूर्ण मार्क मिळाले."

"पहिल्याच झटक्यात झाला?"

"छे! पहिले तीन आठवडे सगळं वायाच गेलं. पण ते रिपोर्टमध्ये नाही घातलं."

मी वही पुढे सरकवली. "मला यातलं काही कळत नाही. चित्र काढून सांग."

ती सांगायला लागली. पाण्याच्या नमुन्यांत कोणते जिवाणू वाढतात ते पाहायचं होतं. प्लेट्सवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशांत, भरभरून वसाहती (जिवाणूंचे ठिपके) उगवल्या, सगळे खूश. पण हिचं लक्ष एका कोपऱ्यातल्या प्लेटकडे गेलं. तिच्यावर नमुना टाकलेलाच नव्हता, ती कोरी राहायला हवी होती. तिच्यावरही वाढ होती! म्हणजे जिवाणू पाण्यातून आलेच असतील, असं म्हणता येत नव्हतं. मग हिने एकेक शक्यता तपासली. प्लेट्स ओतताना हात चुकतोय का, हवेतून येतंय का, मीडियाच, म्हणजे प्लेटमध्ये ओतायचं जिवाणूंचं खाद्यच, नीट निर्जंतुक होत नाहीये का. शेवटी ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशिनपाशी, येऊन थांबली. १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटं, हे सगळ्यांना पाठ होतं. पण घाईच्या दिवसांत त्यात फ्लास्क नुसते कोंबले जायचे. दाटीवाटीत हवा अडकून राहते आणि वाफ सगळीकडे पोचत नाही. बाहेर चिकटवलेल्या पट्टीचा रंग मात्र बदलतो, कारण ती फक्त तिथे उष्णता पोचल्याचं सांगते, आतलं सगळं निर्जंतुक झालं की नाही ते नाही. हिने लोड निम्मा करून पाहिला. कोरी प्लेट कोरी राहिली. मग तिने एक तक्ता बनवून मशिनशेजारी लावला: तारीख, वेळ, दाब, आत काय आणि किती ठेवलं. "ज्युनिअर्स अजून तोच वापरतात," ती म्हणाली, आणि पुढे लगेच, "पण हे काय सांगण्यासारखं आहे, मॅडम?"

औषधांच्या किंवा अन्नपदार्थांच्या कंपनीतल्या गुणवत्ता विभागात याच कामाचा पगार मिळतो. विचलन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं ते, नोंदवायचं, मूळ कारण शोधायचं, ते पुन्हा घडू नये अशी व्यवस्था लावायची. जे काम करायला तिला घेतलं जावं, ते तिने आधीच केलं होतं. आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी तिला नेमकं तेच पान अहवालातून गाळायला शिकवलं होतं. गुण निकालाला असतात, म्हणून मुलं निकाल ठेवतात आणि धडपड पुसून टाकतात. पुढे मुलाखत घेणारा त्या धडपडीबद्दलच विचारतो, तेव्हा सांगायला काही उरलेलं नसतं. याचं मला अजूनही वाईट वाटतं. प्रत्येक प्रकल्प अहवालात 'काय बिघडलं, कसं शोधलं' एवढं एक पान सक्तीचं करावं आणि त्याला गुण द्यावेत, असं मी भेटेल त्या प्राध्यापकांना सांगत असते.

प्रत्येकाकडे अशी प्रयोगशाळेतली गोष्ट नसते. कुणी कॉलेजच्या कार्यक्रमात ऐनवेळी पाहुणे न आल्यावर दोन तास सावरलेले असतात, कुणी शिकता शिकता दुकानाचा हिशोब लावलेला असतो. विचारावं लागतं, आणि ऐकायला वेळ काढावा लागतो.

"तू करू शकतेस" असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मक्षमतेची, म्हणजे 'हे मला जमेल' या विश्वासाची, जी मांडणी केली, तिच्यात स्वतः काही पार पाडल्याचा अनुभव हा विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार मानला आहे. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्यामानाने कच्चा. म्हणून मी तिला ती गोष्ट लिहायला लावली, मग दोन मिनिटांत बोलायला, मग शास्त्राशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला समजावायला. पहिल्या वेळी ती सारखं "आम्ही केलं" म्हणत होती. "यात तू काय केलंस?" हे मला सहा-सात वेळा विचारावं लागलं. बढाई वाटेल म्हणून मुली इथे फार अडखळतात.

आणखी एक काम दिलं. ज्या विभागात जायचं आहे तिथे काम करणाऱ्या कुणाशी तरी वीस मिनिटं बोलायचं. नोकरी मागायची नाही, दिवसभर काय करता ते विचारायचं. "माझ्या ओळखीचं कुणीच नाही," हे ठरलेलं उत्तर आलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये, ओळखीतून नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास मांडला होता. ज्याच्याकडून नोकरी कळली त्याला वारंवार भेटणारे त्यात जेमतेम १७ टक्के होते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. अभ्यासातली ती माणसं नोकरीत मुरलेली होती, नवखी नव्हेत, पण त्यामागचं कारण नवख्यालाही लागू पडतं. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबून येते. शेवटी तिने तीन वर्षं पुढे असलेल्या, जिच्याशी एकदाच बोलणं झालं होतं, अशा सीनिअरला मेसेज केला. बोलणं वीस मिनिटांवर थांबलं नाही.

पाचव्या मुलाखतीत तिने ऑटोक्लेव्हची गोष्ट सांगितली. समोरच्या बाईंनी विचारलं, "मीडियाची दुसरी बाटली वापरून पाहिली होती का?" ती म्हणाली, "नाही, तेव्हा सुचलं नाही. पाहायला हवी होती." मग दोघींची त्यावरच चर्चा रंगली. ती नोकरी तिला मिळाली नाही. दीड महिन्याने त्या सीनिअरने एका जागेबद्दल कळवलं, आणि तिथे सहा महिन्यांसाठी ट्रेनी म्हणून तिला घेतलं.

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, कोणत्या लोडमधल्या मीडियाच्या कोणत्या प्लेट्स ओतल्या, तेही इथे लिहितात. आमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. ज्युनिअर्सना कळवलंय."