धोकादायक भागांची यादी करण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मेल मिळाला. ‘शहरातले दहा सर्वांत धोकादायक भाग’ अशी बातमी रविवारसाठी मागितली आहे. तू पोलीस ठाण्यांप्रमाणे आकडे जमवलेस, उतरत्या क्रमाने लावलेस आणि वरचे दहा उचललेस. बेरजा मी तपासल्या, कुठेही चूक नाही. तरीही ही बातमी अशी जाऊ नये असं मला फार वाटतं. का, ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

क्राइम बीटवरच्या पहिल्याच वर्षी मीही अशी यादी केली होती. पान भरून आली, माझ्या नावानिशी. पंधरा दिवसांनी एक मुलगी कार्यालयात आली. बारावी झालेली, केस घट्ट बांधलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्यात गुणपत्रिकेला चिकटून माझ्या बातमीचं कात्रण. यादीत दुसऱ्या क्रमांकावर जी वस्ती होती, तिथे ती राहायची. नोकरीसाठी एका दुकानात गेली होती, पत्ता वाचून मालकाने अर्ज परत दिला. ती चिडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का?’ मी गेले नव्हते. ठाण्यात गेले होते, आकडे घेतले होते. तुझी यादी वाचताना मला ती पिशवी आठवली.

आता आकड्यांकडे येऊ. ठाण्यात ‘भाग १ ते ५’ आणि ‘भाग ६’ असे दोन ढीग असतात, हे तुला एव्हाना माहीत झालं असेल. पहिल्यात चोरी, मारामारी, घरफोडी, खून. दुसऱ्यात दारूबंदी, जुगार, बेकायदा शस्त्रं असे खास कायद्यांखालचे गुन्हे. तू दोन्हींची बेरीज केली आहेस. भाग ६ मधले बहुतेक गुन्हे कुणी फिर्याद दिली म्हणून दाखल होत नाहीत, पोलीस छापा घालतात म्हणून होतात. एका महिन्यात तीन वेळा कोंबिंग, म्हणजे वस्तीत शिरून झडती झाली, दहा पोरांकडे कोयते सापडले, की त्या हद्दीचा आकडा चढतो. शेजारच्या हद्दीत तेवढेच कोयते पलंगाखाली पडून असतील, पण तिथे कुणी पाहिलंच नाही. म्हणजे तुझ्या यादीतला एक मोठा हिस्सा, पोलीस कुठे फिरले याचा आहे. तो वेगळा काढ.

मग हद्द. पुण्यात १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं. २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ठाणी ग्रामीणमधून शहरात आली. २०२४ मध्ये सात नव्या ठाण्यांना मंजुरी मिळाली. त्यात चतु:शृंगीतून बाणेर निघालं, चंदननगरमधून खराडी. तू चतु:शृंगीचे जुने आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवून ‘गुन्हेगारी घटली’ असं लिहिलंस तर वाचकाला वाटेल तिथे शांतता नांदते आहे. नकाशावरची रेघ सरकली की आकडा सरकतो, माणसं तिथेच असतात.

आणि डोकी मोजताना घाई करू नकोस. दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हा हिशोब पुण्याच्या फरासखाना किंवा स्वारगेट अशा गजबजलेल्या ठाण्याला लावून बघ. तिथे राहणारे किती आणि दिवसभरात येऊन जाणारे किती? मंडईत, एसटी स्टँडवर, गणपतीत दगडूशेठसमोर ज्यांचे फोन गेले ते बहुतेक बाहेरून आलेले असतात, पण गुन्हा चढतो त्या हद्दीच्या नावावर. मग बुधवार पेठेत तीन पिढ्या राहणारी आजी धोकादायक भागात राहते, असं आपण छापतो.

पण याहून मोठी गोष्ट आहे, ती वहीत न चढलेल्या गुन्ह्यांची. एकदा रात्री साडेदहाला एका ठाण्यात बसले होते. एक भाजीवाली बाई आल्या. दोन पोरं मोटारसायकलवरून आली आणि हातातला फोन हिसकावून गेली, असं सांगत होत्या. हात अजून थरथरत होता, नखांत कोथिंबिरीची माती. ठाणे अंमलदाराने शांतपणे विचारलं, ‘बिल आहे का?’ बिल नव्हतं. मग त्याने एक अर्ज पुढे केला आणि बाईंनी त्यावर सही केली. अर्जावर शब्द होता ‘गहाळ’. जबरी चोरी गेली, हरवलेली वस्तू राहिली. त्याच रात्री गाडी चोरीला गेलेला एक गृहस्थ आला, त्याचा गुन्हा तासाभरात दाखल झाला, कारण विम्याच्या दाव्यासाठी एफआयआर लागतोच आणि तो त्याशिवाय हलणार नव्हता. ज्या भागात गाड्यांचा विमा असतो, वकील ओळखीचा असतो, रात्री ठाण्यात जायची भीती नसते, त्या भागाचे गुन्हे कागदावर येतात. ज्या बाईची उद्या पहाटे चारला मार्केट यार्डात खेप असते, तिचे येत नाहीत.

दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. हद्द कुणाचीही असो, आधी नोंदवा आणि मग त्या हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करा, ही झिरो एफआयआरची सोय १ जुलै २०२४ पासून थेट कायद्याच्या पुस्तकात आली. हे लोकांना माहीत नसतं. तुझ्या बातमीत एक चौकट द्यायचीच असेल तर याची दे.

एक उदाहरण तुला आयुष्यभर पुरेल. २२ ऑगस्ट २०१३, मुंबईत महालक्ष्मीजवळची बंद शक्ती मिल. संध्याकाळी कामावर असलेल्या एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर तिथे सामूहिक बलात्कार झाला. ती बोलली, म्हणून मग आणखी एक मुलगी पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात त्याआधीच्या महिन्यात, जुलैअखेरीस, अत्याचार झाला होता. म्हणजे जुलै ते ऑगस्ट या तीन आठवड्यांत ती जागा कागदावर स्वच्छ होती. तुझ्यामाझ्यासारख्या कुणी त्या दिवसांत यादी केली असती तर तिचं नाव आलं नसतं. आणि जागा कुठे होती? चकचकीत कार्यालयांच्या टॉवरांच्या शेजारी. मधल्या पडीक आवाराची भिंत पडलेली, आत झाडी, दिवा नाही, पाहणारं कुणी नाही.

यातूनच माझा मुख्य मुद्दा निघतो, आणि एवढा तरी तू धरून ठेव: भाग धोकादायक नसतो, त्यातला कोपरा असतो, आणि तोही ठरावीक वेळेला, ठरावीक माणसासाठी. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना येणाऱ्या कॉलचा अभ्यास झाला होता, १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आणि चौकांतून निम्मे कॉल आले होते. बदनाम वस्त्यांतही बहुतेक गल्ल्या वर्षभर शांत असतात. आपल्याकडेही तसंच दिसतं. स्वारगेट आगारात रात्रंदिवस माणसं, पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर, आणि तरीही २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे, अंधारात उभ्या असलेल्या एका बसमध्ये बलात्कार झाला. गर्दी फलाटावर होती. ती बस गर्दीच्या नजरेबाहेर होती.

कोपरा कसा बिघडतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या जुन्या घराच्या रस्त्यावर अंडाभुर्जीची एक गाडी रात्री एकपर्यंत असायची. धूर, रॉकेलचा वास, चार रिक्षावाले, दोन वॉचमन. उशिरा घरी येताना त्या तव्याचा आवाज कानावर पडला की माझी पावलं आपोआप सैल व्हायची. अतिक्रमणाची कारवाई झाली, गाडी गेली. तिच्यामागोमाग रिक्षावाले गेले, कारण चहा आणि गप्पा नसतील तर तिथे कशाला थांबायचं? दोन महिन्यांत तिथे दोन सोनसाखळ्या गेल्या, दोन्ही रात्री दहानंतर. रस्ता तोच, दिवे तेच, राहणारी माणसंही तीच. कमी झाला होता तो फक्त एक तवा.

सोनसाखळीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मंगळसूत्र हिसकावणारे सहसा वस्तीत जात नाहीत. ते रुंद, झाडांच्या, शांत रस्त्यांवर येतात, जिथे सकाळी साठीच्या बायका फिरायला निघतात आणि मोटारसायकलला लगेच मोठा रस्ता मिळतो. घरफोडी मे महिन्यात आणि दिवाळीत, कुलूप दिसणाऱ्या सोसायट्यांत. ‘चांगला एरिया’ म्हणून ज्याला भाडं जास्त, त्याचे धोके वेगळे, इतकंच.

आणि वस्तीचे वेगळे. तिथल्या बायकांना विचार, तुला कुठे भीती वाटते? गुंडांचं नाव पहिलं येणार नाही. पहिलं येईल संडास. एका वस्तीत सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या बोळातला बल्ब सारखा फोडला जायचा. बायका रात्री जोडीजोडीने जायच्या, काहीजणी संध्याकाळनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. शेवटी एका आजींनी आपल्या घरातून वायर ओढून दारावर बल्ब लावला आणि त्याखाली खाट टाकून अकरापर्यंत बसायला लागल्या. विजेचे पैसे दहा घरांनी वाटून घेतले. तुझ्या तक्त्यात ही भीती कुठल्या रकान्यात बसते? बल्ब फोडल्याची फिर्याद कुणी दिली नव्हती.

घराच्या आतलंही विसरू नकोस. महिलांवरील गुन्ह्यांत राष्ट्रीय पातळीवर सर्वांत मोठा गट नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा असतो, आणि बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ‘या भागात जाऊ नका’ असं सांगणारा नकाशा घरातच धोका असलेल्या बाईच्या काय कामाचा?

वस्त्या आपली काळजी कशी घेतात, यावर मात्र कुणी पान देत नाही. ए. एन. रॉय पुण्याचे पोलीस आयुक्त असताना जॉकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या महासंघाबरोबर पोलीस पंचायती सुरू झाल्या, रॉय मुंबईला गेले तेव्हा तिथेही. एका पंचायतीत वस्तीतलीच दहा माणसं, त्यात सात बायका आणि तीन पुरुष, सोबत एक पोलीस. नळावरची भांडणं, दारू पिऊन केलेला धिंगाणा तिथेच मिटायचा. त्यामागे विचार सरळ होता: वस्तीतल्या माणसाला पोलीस परका वाटतो तोवर तो ठाण्याची पायरी चढत नाही. यातही एक अडचण आहे, ती लपवणार नाही. जे तिथे मिटतं ते वहीत येत नाही, आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्याला समज देऊन सोडणं म्हणजे प्रत्येक वेळी न्याय नव्हे. कोणतं भांडण मिटलं आणि कोणतं दाबलं गेलं, हे तुला तिथे बसूनच कळेल.

आणखी एक. आपल्याकडे याद्यांना जुना इतिहास आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापुरात तो भाग अजून ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या यादीतून त्यांची सुटका झाली, पण कुठे घरफोडी झाली की आजही पहिली गाडी त्यातल्याच पारध्यांच्या पालांवर जाते. पोरं उचलली जातात, नोंद होते, नोंद झाली म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तीच पोरं. आपण छापलेल्या यादीचाही असाच पुरावा होतो. भाडेकरू ठेवताना, कर्ज देताना, मुलगी देताना लोक तीच बघतात.

मग काय करायचं? बातमी सोडू नकोस, बदलून माग. माहितीच्या अधिकारात एकाच ठाण्याचे गुन्हे प्रकार, ठिकाण आणि वेळ यांसह मागव, तीन वर्षांचे. ‘गहाळ’चे अर्जही मागव आणि जबरी चोरीच्या शेजारी ठेव. मग नकाशावर ठिपके दे. दहा भाग नाही, दहा जागा सापडतील: पुलाखालचा पट्टा, बंद कारखान्याची भिंत, स्टँडची मागची बाजू. प्रत्येक जागेबद्दल कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल, दिवा का नाही, भिंत कुणाची, गस्तीची गाडी किती वाजता येते. वस्तीला कुणी उत्तर विचारू शकत नाही. दिव्याबद्दल विचारता येतं.

संपादकांशी मी बोलेन, आठवडाभर मुदत मागू. शनिवारी रात्री साडेनऊला तुझ्या यादीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या वस्तीच्या कमानीपाशी ये. माझ्या ओळखीच्या एक बाई तिथे बचत गट चालवतात, त्यांना सांगून ठेवलं आहे. वही पर्समध्येच ठेव, आधी चहा घ्यायचा आहे. आणि घरी सांगून ये की ताईबरोबर आहेस, उशीर होईल.

तुझी,
ताई