कोलोरॅडो स्प्रिंग्जला येताय, तर चर्चची मंडळी निवडण्याआधी

सलाम ताई,

मिस्टरांची बदली कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाली आहे, १६ वर्षांच्या मुलाने गेल्या नाताळात तो समलैंगिक असल्याचं तुम्हाला सांगितलं, आणि इथल्या ख्रिस्ती वक्त्यांची भाषणं ऐकून तुमची झोप उडाली आहे. आम्हीही नगरचेच. या गावात ११ वर्षं झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

राज्याच्या कायद्याची धास्ती घेऊ नका. २०२४ साली मतदारांनी समलैंगिक विवाहावरची बंदी राज्यघटनेतून काढून टाकली, आणि राज्यपाल जॅरेड पोलिस स्वतः समलैंगिक आहेत. खरा प्रश्न रविवारचा, म्हणजे कुठल्या चर्चला जायचं याचा आहे.

'फोकस ऑन द फॅमिली' ही ख्रिस्ती संस्था १९९१ पासून याच गावात आहे. तिचे संस्थापक जेम्स डॉबसन वर्षानुवर्षं सांगत राहिले की बाप मुलाच्या जवळ राहिला तर समलैंगिकता टाळता येते. ते ऐकून किती आईबाप स्वतःला दोष देत बसले असतील! तुमच्या मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा, कारण कुणीतरी प्रेमाने त्यांना हेच ऐकवणार.

'समलैंगिक माणूस बदलतो' असं सांगणाऱ्यांचं मोठं घर म्हणजे 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही ख्रिस्ती संस्था. आपल्याला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांचा कल बदललेला नाही, हे तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनी २०१२ साली कबूल केलं. पुढच्या वर्षी त्यांनी माफी मागितली आणि संस्था बंद झाली. आता सदर्न बॅप्टिस्ट या पंथाचे पुढारी अल्बर्ट मोहलरसुद्धा असल्या 'बदलाच्या' उपचारांवर भिस्त ठेवत नाहीत. पण समलैंगिक संबंध पाप आहे, यावर ते ठाम आहेत. म्हणजे पूर्वी बदल मागायचे, आता जन्मभराचं ब्रह्मचर्य मागतात. पुराणमतवादी ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या २०१७ च्या नॅशव्हिल निवेदनाने तर स्वतःला समलैंगिक म्हणवून घेणंही देवाच्या योजनेविरुद्ध ठरवलं, आणि या विषयावर विश्वासणाऱ्यांनी मतभेद ठेवायलाही जागा ठेवली नाही. लेवीय १८, रोमकरांस १, १ करिंथ ६ ही याविरुद्धची बायबलमधली वचनं तुम्हाला पाठच असतील. मीही तीच वाचत वाढले, त्यामुळे ही माणसं शास्त्र सोडून बोलतात असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या पोराचं अख्खं आयुष्य त्या तीन ठिकाणी संपवणं मला पटत नाही.

आमची पहिली मंडळी फार मायाळू होती. आम्ही आलो तेव्हा आठवडाभर कुणी ना कुणी जेवण आणून देत होतं. माझी मुलगी संडे स्कूलमध्ये लहानग्यांना शिकवायची. १७ व्या वर्षी तिने तरुण संघाच्या प्रमुखाला मनातलं सांगितलं. त्याने तिला जवळ घेतलं, प्रार्थना केली, आणि पुढच्या रविवारी तिचा वर्ग दुसऱ्याच मुलीला दिला. कुणी आवाज चढवला नाही. तिने हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीसाठी कागदाची मेंढरं कातरली होती, कापूस चिकटवून. महिनाभर ती मेंढरं गाडीच्या मागच्या सीटवर पडून होती. मला काढवेनात.

म्हणून 'सर्वांचं स्वागत' ही पाटी बघून भुलू नका. पाळकांना आधी ईमेल करा आणि सरळ विचारा: माझ्या समलैंगिक मुलाला सभासद करून घ्याल? प्रभुभोजन द्याल? उपासनेत पेटी वाजवू द्याल? पुढे याचं लग्न लावाल? याने तुमच्यापाशी मन मोकळं केलं तर याला 'बदलायला' कुणा समुपदेशकाकडे पाठवाल का? उत्तर गोलमोल आलं तर ते नाहीच समजा. १८ वर्षांखालच्यांवर असले 'बदलाचे' उपचार करायला कोलोरॅडोने २०१९ साली परवानाधारकांना बंदी केली. पण पाळकांच्या धर्मसेवेला ती लागू नाही, आणि याच गावातल्या एका समुपदेशक बाईंनी तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्या कायद्याच्या भरवशावर राहू नका.

आणि वेगळी मंडळी शोधणं म्हणजे वाडवडिलांचा विश्वास सोडणं नव्हे. १८३१ साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाचं. त्याच परंपरेतल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने १९७२ साली उघडपणे समलैंगिक असलेल्या माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली आणि २००५ साली समलैंगिक विवाहाला पाठिंबा दिला. आम्ही आता तिथेच जातो.

मुलाला विचारल्याशिवाय कुठेही नाव नोंदवू नका. पहिल्या रविवारी उपासनेला गेला नाहीत तरी चालेल, आमच्याकडे जेवायला या. मुलगी सुट्टीत घरी असेल. तुमच्या लेकाला जे विचारायचं असेल ते तिला विचारू दे, आपण दोघी स्वयंपाकघरात बसू.