समीकरण बॅलन्स करताना आकडा कुठे बदलायचा

अरे, रासायनिक समीकरण बॅलन्स करताना, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना, तुझी चूक गणिताची नाहीचे, तू फॉर्म्युल्यातले खालचे बारके आकडे बदलतोयस. एच टू ओ मधे ऑक्सिजन कमी पडला म्हणून ओ च्या खाली २ लिहिलास की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, म्हणजे पदार्थच बदलला ना! हात लावायचा तो फक्त फॉर्म्युल्याच्या आधी लिहिलेल्या मोठ्या आकड्याला, कारण तो सांगतो रेणू किती घेतले.

आता ब्यूटेन वायू जळतानाचं घे: डावीकडे ब्यूटेन आणि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ब्यूटेनमधे ४ कार्बन, १० हायड्रोजन. आधी कार्बन, म्हणून उजवीकडे ४ कार्बन डायऑक्साइड, मग हायड्रोजनसाठी ५ पाणी, आणि ऑक्सिजन अगदी शेवटी कारण तो डावीकडे एकटा असतो, त्याचा आकडा बदलला तर बाकी काही हलत नाही. उजवीकडे ऑक्सिजन मोजले तर ८ आणि ५, झाले १३, पण डावीकडे ते जोडीने येतात, म्हणजे साडेसहा रेणू?? इथेच सगळे घाबरून खोडतात. खोडू नकोस, सगळं दुप्पट कर: २ ब्यूटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. दोन्हीकडे ऑक्सिजनचे अणू २६, जमलं.

सल्फेट, नायट्रेट वगैरे अणूंचे गट दोन्ही बाजूंना जसेच्या तसे असतील तर फोडत बसू नको, अख्खा गट एकच समजून मोज, बराच वेळ वाचतो. आणि हो, पेननी नाही पेन्सिलनी कर, मी अजून तसंच करतो.