किल्ली पर्समध्ये, बोट बेलवर

(पत्र थोडक्यात: मी पुण्याची, आखेनला मास्टर्स करते. नाताळच्या सुट्टीत मैत्रिणीच्या आईवडिलांकडे न्यूरेंबर्गला आलेय, ६ जानेवारीपर्यंत राहायचं ठरलंय. माणसं वाईट नाहीत, पण फार रुक्ष. २४ तारखेला, एवढा सण असून, जेवायला बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. मी शाकाहारी, म्हणून मला सॅलड आणि चीज. एरवी रात्री थंड पाव. एकदा नको म्हटलं की 'अजून घे' असं कुणी म्हणत नाही, दोनदा तर अर्धपोटी झोपले. कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघडतात. पहिल्याच दिवशी काकूंनी 'हवं तेव्हा ये-जा कर' म्हणून घराची किल्ली दिली, म्हणजे माझी जबाबदारीच नको. मी ती वापरत नाही, बेल वाजवते. प्रोजेक्टचं कारण सांगून २९ लाच निघू का?)

अगं मुली,

सॅलडवर तू पानभर लिहिलंस आणि किल्लीचं एका ओळीत उरकलंस. मी त्या एका ओळीवरच अडकले.

ते घर मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणतेस. जर्मनीत अशा कित्येक इमारतींत एकच किल्ली खालच्या मुख्य दारालाही लागते आणि फ्लॅटलाही. ती हरवली, तर एक कुलूप बदलून भागेलच असं नाही. सगळ्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते, आणि बिल हजारो युरोंत जातं. लोक त्यासाठी विमा उतरवतात. अशी किल्ली त्या बाईंनी तुला पहिल्याच संध्याकाळी दिली, तुझी धड ओळखही झाली नव्हती तेव्हा. आणि तू अर्थ काय लावलास, तर जबाबदारी झटकली! मला खरंच राग आला.

तिथली दारं ओढली की लागतात, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. म्हणजे तू बेल वाजवलीस की दर वेळी कुणाला तरी हातातलं काम टाकून उठावं लागतं. त्यांनी तुला घरातली मानलं, आणि तू रोज परक्यासारखी दारात उभी राहतेस. रुक्ष कोण वागतंय, सांग बरं?

जेवणाचंही तेच. आपल्याकडे पाहुण्याने 'नको' म्हणायचं आणि यजमानाने तरी वाढायचं, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला स्वतःची भूक कळते असं धरून चालतात. तू नको म्हणालीस, त्यांनी तुझा शब्द खरा मानला. पाव समोरच होता गं, हात पुढे करायचा होतास. २४ च्या रात्री बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज हा असंख्य जर्मन घरांतला ठरलेला बेत आहे. तो करताना त्यांनी तुला धरूनच केला.

खिडक्यांचं म्हणशील, तर बंद गरम खोलीत दमट हवा साचून भिंतींना बुरशी धरते, म्हणून पाचदहा मिनिटं उघडतात. नंतर तुझ्या खोलीतल्या रेडिएटरचा नॉब ३ वर फिरव, खोली वीस अंशांच्या आसपास येईल. त्यासाठी कुणाची परवानगी नको.

आता उद्या काय करायचं ते ऐक. दुपारी एकटी बाहेर पड. वरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन ये, साडेचारच्या सुमारास अंधारून येतं, त्याआधी परत फिर. वाटेत सुपरमार्केट उघडं दिसलं तर लाल मसूर आणि तांदूळ घे. घरी आलीस की बेलला हात लावू नकोस. किल्लीने दार उघड, बूट काढ, थेट स्वयंपाकघरात जा आणि काकूंना सांग, "मला भूक लागलीय, आज सगळ्यांसाठी मी आमटीभात करते." विचारू नकोस, सांग.

आणि प्रोजेक्टची थाप अजिबात मारायची नाही. ज्यांनी घर तुझ्यावर सोपवलं त्यांना खोटं सांगून निघालीस, तर आखेनला त्याच मैत्रिणीसमोर रोज बसणं तुलाच जड जाईल. ६ जानेवारीला बव्हेरियात, म्हणजे न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, सुट्टी असते, सगळे घरी असतील. तोपर्यंत राहा, आणि काकूंच्या हातात किल्ली देऊनच नीघ.