फुलदाणीच्या तळाला काय टाकावं, आणि फुलं दुसऱ्याच दिवशी माना का टाकतात?

तुम्ही विचारलंय: पुढच्या रविवारी घरी बहिणीचं साक्षगंध (साखरपुडा) आहे, काचेच्या सहा फुलदाण्या आणल्यात, तळाला पाण्यात फुगणाऱ्या रंगीत जेलच्या गोळ्या टाकू, पांढरे खडे टाकू की कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या? मागच्या कार्यक्रमात गुलाब नि जरबेरा दुसऱ्या सकाळीच माना टाकून बसले होते. आणि शेवटी लिहिलंय, आम्ही दर्यापूर तालुक्यातले.

ताई, हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. दर्यापूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. गोळ्या की खडे हे नंतर बघू, आधी पाण्याचं बोलू.

तुमच्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं तरी मचूळ लागतं. झाडाचं मूळ क्षार थोडेफार तरी अडवतं. तोडलेल्या फुलाला मूळच नाही, उघडा देठ जे मिळेल ते सरळ वर ओढतो. पाणी पानांतून-पाकळ्यांतून उडून जातं, मीठ तिथंच साचतं. मग कडा आधी तपकिरी होतात आणि मागून फूल मान टाकतं. गुलाबाला नि जरबेराला असं पाणी अजिबात सोसत नाही. दोष फुलवाल्याचा असेलच असं नाही. म्हणून फुलदाणीत बोअरचं पाणी घालू नका, आरओचा वीस लिटरचा एक कॅन वेगळा काढून ठेवा. एका फुलदाणीला दीड लिटर धरलं तर सहांना नऊ लिटर लागतं. मध्ये एकदा पूर्ण बदललं तरी अठराच होतात. घरात पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही, फक्त ते स्वच्छ असायला हवं.

हे इतकं ठासून सांगतेय कारण मी स्वतः दोन वर्षं चुकले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातली, अर्ध्या एकरात निशिगंध लावते आणि शाळेच्या, गावच्या कार्यक्रमांची फुलं मांडून देते. आमच्या बोअरला खार नाही, पण फ्लोराइड निघालंय. 26 जानेवारीला स्टेजवर ग्लॅडिओलस ठेवायचे, तर दरवेळी कळीवरच्या हिरव्या खोळीची टोकं करपलेली आणि वरच्या कळ्या मिटूनच सुकलेल्या. मी माल जुना आहे समजून फुलवाल्याशी भांडत राहिले. एकदा एकाच जुडीतल्या पाच काड्या बोअरच्या पाण्यात आणि पाच कॅनच्या पाण्यात शेजारी-शेजारी ठेवल्या. चौथ्या दिवशी बोअरमधल्या काड्यांच्या खोळी टोकाकडून गवताच्या वाळल्या पात्यासारख्या झाल्या होत्या, हाताला कुरकुर लागत होत्या. कॅनमधल्या काड्या वरपर्यंत उमलल्या. ग्लॅडिओलसला फ्लोराइड सोसत नाही, हे मला त्यानंतर कळलं.

आता तळाला काय टाकायचं ते. खडे-गोट्यांचं खरं काम देठ धरून ठेवायचं आहे. शोभा त्यासोबत आपोआप येते. पण जी वस्तू पाण्यात राहणार ती पाणी बिघडवणारी नको. पांढरे खडे बहुतेक संगमरवराचे असतात, नाहीतर चुनखडीचे. शिंपलेही त्याच जातीचे. त्यांनी पाण्यातली आंबट बाजू मरते, आणि फुलाला थोडं आंबट पाणीच लवकर चढतं, त्यात जंतूही कमी वाढतात. ओळखायचं सोपं आहे: खड्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे उठले तर तो खडा फुलदाणीत नको. आमच्या वणी-कोरपन्याकडे जमिनीतच चुनखडी आहे, नाल्यातून उचललेला दगड कितीही देखणा असला तरी मी आधी लिंबाने तपासते. तुमच्याकडे नदीतले काळे गोटे किंवा गारगोटी मिळाली तर बिनधास्त घ्या, लिंबाने त्यांना काही होत नाही. मात्र साबणाने घासून, पाण्यात उकळून मगच वापरा.

कंचे चांगले, काच पाण्यात काही सोडत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लिटरभराच्या भांड्यात तोंडापर्यंत कंचे भरले तर पाण्याला जेमतेम साडेतीनशे-चारशे मिलिलिटर जागा उरते. बाहेरून भांडं भरलेलं दिसतं आणि मे महिन्यात संध्याकाळपर्यंत देठ कोरडे पडतात. म्हणून तिसरा हिस्सा कंचे, बाकी पाणी. आणि देठ आधी उभे करून मग भोवती कंचे सोडा. भरलेल्या कंच्यांत देठ खुपसला तर साल खरवडते, आणि तिथूनच तो सडायला लागतो.

जेलच्या गोळ्या मी तुम्हाला घेऊ देणार नाही. एक तर खाऱ्या पाण्यात त्या नीट फुगतच नाहीत, मिठाने त्यांचं पाणी ओढणं कमी होतं. हे कारण लहान आहे. साक्षगंधाला घरभर लेकरं असणार. लाल-निळी गोळी गोळीबिस्किटासारखी दिसते. लेकराने गिळली तर ती पोटात जाऊन फुगते आणि आतडं अडवू शकते, ऑपरेशनची वेळ येते. सहा फुलदाण्यांच्या शोभेसाठी ही जोखीम घेऊ नका, ताई.

रंगच हवा असेल तर मी करते तसं करा. मोठ्या काचेच्या भांड्यात एक छोटा, उभा स्टीलचा किंवा काचेचा ग्लास ठेवा. पाणी नि फुलं आतल्या ग्लासात. दोन्हींच्या मधल्या फटीत कोरडं काहीही भरा: तूर, मसूर, ज्वारी, थरावर थर. घरात थोडा कापूस उरला असेल तर तोच भरा, पांढऱ्यावर लाल गुलाब काय दिसतो ते बघाच. अंगणात सरपणाला रचलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांना, रिकामी बोंडं चिकटलेली असतात. ती काचेआड लावलीत तर पाहुणे हात लावून बघतील. डाळ-दाणे पाण्यात मात्र कधीच टाकू नका, एका रात्रीत आंबतात. आणि देठ धरायला काहीच नको असेल तर फुलदाणीच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची उभी-आडवी जाळी करा, प्रत्येक चौकोनात एक फूल.

फुलं शनिवारी संध्याकाळी आणा. येताना कागदात गुंडाळलेली असू द्या, एसटीत खिडकीच्या वाऱ्याला धरू नका. घरी आल्यावर बादलीत कॅनचं पाणी घ्या, देठ पाण्यात बुडवून पाण्याखालीच नव्या ब्लेडने तिरपा काप द्या, बोटभर तुकडा काढा. बाहेर कापलं की देठातल्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढायला अडतं. बोथट कात्रीने त्या नळ्या चेंगरतात. पाण्याखाली येणारं एकूण एक पान काढा, पण गुलाबाचे काटे खरवडत बसू नका, जखमा होतात. मग बादली रात्रभर माठाजवळ, अंधाऱ्या खोलीत, भोवती ओलं तरट लावून ठेवा. मांडणी सकाळी. हा रात्रीचा आराम ज्यांनी दिला त्यांची फुलं टिकतात, हे मी कितीदा बघितलंय.

जरबेराचा देठ मऊ, लवदार असतो आणि खोल पाण्यात लवकर कुजतो. त्याला दोन-तीन इंचच पाणी द्या, पण दिवसातून दोनदा बघा. निशिगंधाची काडी खालची दोन-तीन फुलं उमललेली असताना घ्या, आणि खालचं फूल कोमेजलं की लगेच खुडा. झेंडूच्या पाण्याला दुसऱ्या दिवशी वास येतोच, तो वेगळ्या भांड्यात ठेवा, गुलाबासोबत नको. गुलाबाने मान टाकलीच तर टाकून देऊ नका. पाण्याखाली पुन्हा काप द्या, अख्खं फूल देठासकट तासभर टबात आडवं बुडवा. नुकतीच मान टाकली असेल तर बहुतेकदा ती परत उभी राहते.

पाण्यात घालायचं औषध घरातच आहे. लिटरला एक मोठा चमचा साखर, दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांच्या पातळ ब्लीचचा पाव छोटा चमचा. साखर कळ्यांना उमलायला बळ देते, पण ब्लीच न घालता नुसती साखर घातली तर जंतूच पोसले जातात आणि तेच देठाचं तोंड बुजवतात. लिंबू आणि ब्लीच एकमेकांत थेट कधी मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आधी भरपूर पाण्यात साखर-लिंबू विरघळवा, ब्लीच शेवटी. तांब्याचं नाणं टाका असं कुणी सांगेल, पण आजचं रुपया-दोन रुपयांचं नाणं स्टीलचं आहे, त्याने काही होत नाही. आणि फुलदाणी इतकी घासलेली हवी की त्यात तुम्ही स्वतः पाणी प्याल.

मांडताना कूलरच्या थेट झोताखाली ठेवू नका. खोली कूलरने गार राहू द्या, पण सरळ वारं लागलं की पाकळ्यांतलं पाणी भराभर उडतं. साक्षगंधाला फळांच्या टोपल्या येतील, त्या फुलांपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. पिकत्या केळी-आंब्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने कळ्या गळतात नि फुलं लवकर म्हातारी होतात. माडीवर आंब्याची आढी घातली असेल तर फुलांची बादली त्या खोलीत रात्रभर नकोच. संत्री त्या मानाने निरुपद्रवी. चुलीच्या धुरातही तोच वायू असतो, म्हणून स्वयंपाकाच्या बाजूची फुलदाणी ओसरीकडे न्या.

रविवारी पाहुणे यायच्या आधी सगळ्या फुलदाण्यांत पाणी किती उरलंय ते बोट घालून बघा आणि कॅनच्याच पाण्याने भरा. घाईत कुणीतरी बोअरचा तांब्या ओतेल, म्हणून कॅनजवळ घरातलं एक जाणतं पोर उभं करा.