तारण कृपेने मिळतं, मग आज्ञापालन कशासाठी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं तर त्याच्या आज्ञा पाळण्याचा एवढा आग्रह का? आणि आज्ञा पाळायची म्हणजे पाळकसाहेब सांगतील ते सगळं निमूट ऐकायचं का?

पहिल्याचं उत्तर बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आठवं-नववं वचन आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं: तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. दहावं वचन मात्र राहून जातं. आपल्याला ख्रिस्तामध्ये सत्कृत्यांसाठीच निर्माण केलं आहे, असं पौल तिथे लगेच सांगतो. इस्राएल लोकांनाही दहा आज्ञा मिळाल्या त्या सीनाय पर्वतापाशी, मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून सुटल्यावर. आधी सुटका, मग आज्ञा. हा क्रम धरून ठेवला की आज्ञांचं ओझं वाटेनासं होतं.

पण माझ्या मते आपली खरी अडचण उघड आज्ञाभंगाची नसतेच. आपण आज्ञा अर्धी पाळतो आणि उरलेल्या अर्ध्यावर भक्तीचं पांघरूण घालतो. बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 15 वा अध्याय वाचा. अमालेकी या शत्रू लोकांकडचं काहीही राखायचं नाही, अशी इस्राएलच्या शौल राजाला देवाची आज्ञा होती. (ती आज्ञा आजच्या वाचकाला जड जाते, मलाही जाते, पण तो स्वतंत्र विषय आहे.) शौलाने त्यांचा राजा अगाग जिवंत ठेवला, धष्टपुष्ट मेंढरं-गुरं राखली आणि कर्मेलात स्वतःचं स्मारकही उभारलं. संदेष्टा शमुवेल भेटायला आला तेव्हा, मी परमेश्वराची आज्ञा पाळली, असं शौल आपणहून सांगतो. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं ओरडताना ऐकू येतात ती कुठली? त्यावर शौलाचं उत्तर तयारच असतं: लोकांनी ती देवाला अर्पण करायलाच तर आणली आहेत! तेव्हा शमुवेल म्हणतो, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. थोड्या वेळाने खरं कारण बाहेर पडतं: शौल लोकांना भ्यायला होता.

आपल्याकडे वेगळं काय होतं? जमिनीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, घेताना मी पाहिले आहेत. दोघेही दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणारे, दोघेही प्रार्थनेत पुढे. येशूने तर सांगितलंय की अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर (मत्तय 5:23-24). ते वचन दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून आज्ञापालनाचं मला महत्त्व वाटतं: त्याच्यावाचून उपासना ही देवाला टाळायची सोय होऊन बसते.

आता दुसरा प्रश्न. आज्ञाधारकपणा देवाशी असतो. माणसाशी तो तिथवरच, जिथवर तो माणूस देवाच्या वचनाला धरून आहे. पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे तिथल्या धर्मगुरूंचं आणि धर्मभगिनींचं (नन) प्रत्येक मत त्यांनी मान्य केलं नाही. वचन स्वतः वाचून, विवेकबुद्धीला पटेल तेच त्या मानत गेल्या आणि तसं पत्रांतून स्पष्ट कळवत राहिल्या. त्याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. हट्टी, कोणाचं न ऐकणारी बाई म्हणून त्यांना नावं ठेवणारे तेव्हाही होते. मला त्यांच्याइतकी आज्ञाधारक व्यक्ती सहसा आठवत नाही.

तेव्हा कुणी 'देवाची इच्छा आहे' म्हणून तुम्हाला काही करायला सांगितलं, तर अध्याय आणि वचन विचारा, घरी जाऊन मागचा-पुढचा संदर्भ वाचा. बिरुया इथले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्याबद्दल त्यांची वाखाणणीच केली आहे.